डोक्याला मार लागल्यावर परत दुकानाच्या गादीवर बसलो, रिहॅब सेंटरचा अनुभव (5 पैकी साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, लांबलचक लिहिणारै. आणि एका बैठकीत लिहिलेलं नाही, चार दिवस रोज थोडं थोडं टाईप केलंय, त्यामुळं एखादी गोष्ट दोनदा आली तर सांभाळून घ्या. मी स्वतः पेशंट आहे, नातेवाईक नाही. सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात सोळा वर्षं दिवाणजी म्हणून आहे, म्हणजे पट्ट्या करणं (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब लिहून देणं), खतावणी, बँक, शेतकऱ्यांचे फोन, सगळंच. मागच्या वर्षी पावसाळ्यात मिरजेहून येताना गाडी घसरली. हेल्मेट डिकीत होतं. ते डोक्यावर का नव्हतं हे बायको अजून विचारते आणि माझ्याकडं अजून उत्तर नाही.

डोक्यात रक्ताची गाठ, ऑपरेशन, एकोणीस दिवस दवाखाना. त्यातले पहिले नऊ-दहा दिवस मला आठवतच नाहीत, म्हणे मी सगळ्यांशी बोलत होतो, नर्सला पोत्याचा हिशेब विचारत होतो. डिस्चार्जच्या वेळी हात-पाय चालतायत, बोलणं नीट आहे, म्हणून सगळे खुश. तीन महिन्यांनी तपासणीत एक कागदावरची टेस्ट घेतली, 30 पैकी 27 आले. 26 किंवा त्याच्या वर म्हणजे नॉर्मल धरतात. शंभरातनं सात वजा करत जा म्हंटले, आता दिवाणजीला हे विचारायचं म्हणजे, मी खाली एक अंकी होईपर्यंत धडाधड सांगत गेलो, डॉक्टरच बास म्हणाले. कामाला जाऊ शकता असं लिहून मिळालं. शेठनी पेढे वाटले.

आणि सातव्या दिवशी मी एका शेतकऱ्याला सतरा हजार चारशे अठ्ठ्याहत्तर रुपये जास्तीची पट्टी लिहून दिली. 19 क्विंटल 42 किलो माल, दर 13,400, आणि मी लावला खालच्या लॉटचा 14,300. गुणाकार एकदम बरोबर बरं का, पैशात सुद्धा चूक नाही. फक्त ओळ चुकली. तो माणूस प्रामाणिक होता म्हणून परत आला, नाहीतर ते पैसे गेलेच होते. त्याच दिवशी दुपारी सौदे चालू असताना हमालाच्या मुकादमाला मी आई-बहिणीवरनं शिव्या दिल्या. सोळा वर्षांत कधी अरेतुरे केलं नव्हतं त्या माणसाला. आणि मग गोडाऊनच्या मागं जाऊन रिकाम्या बारदानावर झोपलो ते साडेपाचला पुतण्यानं उठवलं. शेठ काय बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, दिवाणजी थोडे दिवस घरीच बसा.

घरी बसणं म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत त्याला माहीत. बघायला येणारे लोक भडंग खाऊन, चहा पिऊन जाताना एकच वाक्य बोलायचे, "बाहेरनं तर एकदम चांगला दिसतोय की!" टाके केसाखाली झाकले गेलेले. पाय मोडला असता तर प्लास्टर तरी दाखवता आलं असतं.

मुंबईला हाजी अलीला ते केंद्र सरकारचं मोठं पुनर्वसनाचं इन्स्टिट्यूट आहे तिथं जायचं ठरत होतं, पण सांगलीहून मुंबई आठवड्याला दोनदा कोण करणार आणि तिथं राहायचं कुठं. तेवढ्यात फिजिओच्या मॅडमनी ह्या सेंटरचं सांगितलं. इथं ऑक्युपेशनल थेरपी आहे, मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, मला वाटलं व्यवसाय म्हणजे धंदा शिकवणार काय. तसं नाही. पण गंमत म्हणजे माझ्या बाबतीत शेवटी तेच झालं.

आता रिव्ह्यू. वाईट आधी सांगतो म्हणजे नंतरचं खरं वाटेल.

सेंटर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे आणि मी गेलो त्यातल्या निम्म्या वेळा बंद होती. ज्या जागी येणारे निम्मे लोक काठी धरून येतात, चक्कर येते म्हणून भिंत धरून चालतात, त्या जागी हे चालतं कसं? वेटिंगमधली एक ट्यूब फडफडते. ज्याचं डोकं फुटलंय त्याला विचारा फडफडणारी ट्यूब काय करते ते, दहा मिनिटात मळमळायला लागतं. तीन वेळा सांगितलं, मग एक दिवस मीच स्टुलावर चढून ती काढून ठेवली, बायको खालून ओरडायली, अहो उतरा, अहो तुम्हाला चढायचं नाही म्हणून सांगितलंय. अजूनही तिथं ट्यूब नाही, मला वाटतं सगळ्यांना तसंच बरं वाटतंय.

अपॉइंटमेंट बदलली की व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतात आणि आपलं काम झालं असं समजतात. विसरण्याच्या पेशंटला! दोनदा मी जाऊन बंद दार बघून आलो. आता बायकोच्या नंबरवर फोन करतात, पण ते आम्ही भांडल्यावर.

सुरुवातीचे आठ सेशन कॉम्प्युटरवरचे गेम. फुगे फोडा, सारखे पत्ते शोधा, रंग बघून बटण दाबा. मी त्यात पटाईत झालो, शेवटी तिथल्या पोरांपेक्षा माझा स्कोर जास्त. आणि घरी गॅसवर दूध ठेवून विसरायचं तेवढंच विसरत होतो. एका सेशनचे सातशे रुपये. मेडिक्लेमनं डिस्चार्जनंतरचे फक्त साठ दिवस धरले, पुढचं सगळं खिशातनं. म्हणजे फुगे फोडायचे छप्पन्नशे झाले. हे मी इथल्या थेरपीच्या मॅडमना तोंडावर बोललो, आवाज चढवून बोललो कारण तेव्हा मला आवाज कुठं चढतोय ते कळायचंच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. गेममध्ये गेमच सुधारतो. तुम्ही काम काय करता ते मला नीट सांगा." मी सांगायला लागलो आणि निम्म्यात थांबलो, कारण सोळा वर्षं जे करतोय ते ओळीनं सांगताच येईना. मग त्या म्हणाल्या, मी येऊन बघते.

इथनं पुढं साडेतीन स्टार सुरू होतात.

सौद्याच्या दिवशी सकाळी दहाला मॅडम यार्डात आल्या. चप्पल काढून गादीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर वही. शेठना वाटलं बँकेच्या ऑडिटर आहेत, त्यांनी घाईघाईनं चहा मागवला. मी आपला माझ्या जागेवर पट्ट्या लिहितोय. बाहेर काटा चालू, हमालांचं ओरडणं, टेम्पोचा रिव्हर्सचा आवाज, आत दोन फोन, शेतकरी येऊन काउंटरवर टेकतोय, दिवाणजी माझं बघा की, दिवाणजी बिलटी कुठाय, दिवाणजी कालचा दर काय निघाला. मॅडम मधेमधे वहीत नुसत्या उभ्या रेघा मारत होत्या. तासानं वही माझ्याकडं फिरवली. पाचाचे गठ्ठे आणि वर एक. एकतीस. एका तासात एकतीस वेळा कुणीतरी मला हातातल्या कामातनं उठवलं होतं.

"टेस्ट कुठं झाली होती तुमची?" म्हणाल्या.
"दवाखान्यात. खोलीत."
"दार बंद होतं?"
होतं. दार बंद, एसी चालू, समोर एक डॉक्टर, एका वेळी एक प्रश्न. तिथं 27 येणारच की. तशी खोली मला यार्डात कोण देणारै!

अपघातानंतर इतके महिने झाले, पण माझं नेमकं काय बिघडलंय ते मला त्या रेघा बघून पहिल्यांदा कळलं. हिशेब जागेवर होता. एका कामावरनं उठवलं की परत त्याच ओळीवर येऊन बसणं, ते गेलं होतं. मेंदूचा कपाळामागचा भाग हे सांभाळतो म्हणे, काय आधी करायचं, काय बाजूला ठेवायचं, राग कुठं आवरायचा, आणि माझा मार नेमका पुढच्या बाजूला. पूर्वी एकतीस वेळा उठून एकतीस वेळा परत बसायचो आणि त्याला काही लागतं हेही माहीत नव्हतं. आता प्रत्येक वेळी तेवढीच ताकद खर्च होते, म्हणून एक वाजता बारदानावर झोप.

मग त्यांनी आणि शेठनी मिळून माझं कामच उलटंपालटं केलं. पट्ट्या आता मी सकाळी आठ ते साडेनऊ लिहितो, आदल्या दिवशीच्या, सौदे सुरू व्हायच्या आधी, शटर अर्धं खाली. त्या वेळेत फोन पुतण्याकडं. सौद्याच्या वेळी मी पट्टी लिहीतच नाही, फक्त आलेल्या मालाची नोंद. निम्मी झालेली पट्टी लाल ट्रेमध्ये, पूर्ण झालेली हिरव्यात, आणि हिरव्यातली प्रत्येक पट्टी पुतण्या दुसऱ्या पेनानं टिक करून मगच बाहेर. सुरुवातीला मला हे फार लागलं, काल शेंबूड पुसता येत नव्हता ते पोरगं माझी पट्टी तपासणार. मॅडम म्हणाल्या, बँकेत पण एक जण एंट्री करतो आणि दुसरा पास करतो, तिथं कुणाचा अपमान होतो का? बरं वाटलं. पूर्ण नाही, पण वाटलं.

आणि एक पुठ्ठ्याची खिडकी. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन मॅडमनी ब्लेडनं त्यात एक लांब फट कापली, एका ओळीएवढी. सौद्याच्या वहीवर तो पुठ्ठा ठेवायचा, फटीतनं एकच ओळ दिसते, शेतकरी, पोती, वजन, दर. ती झाली की पुठ्ठा खाली सरकवायचा. कुणी उठवलं तर पुठ्ठा जागेवरच राहतो, परत आलं की कुठं होतो ते शोधायला लागत नाही. आठशे रुपयांचं ॲप नाही, काही नाही. पत्रिका शेठच्या थोरल्या मुलीची आहे, मागं गणपतीचं सोनेरी चित्र, त्यावर आता हळदीची बोटं उमटलीत. खालच्या ओळीचा दर लावण्याची चूक त्या दिवसापासून शून्य. दुसऱ्या चुका झाल्या, ही नाही.

तास पण ठरवून दिले. पहिले दोन आठवडे दिवसाला दोनच तास, तेही आठवड्यातनं तीन दिवस. मी म्हंटलं मला अजून दम आहे, तर म्हणाल्या दम आहे तेव्हाच उठायचं, दमल्यावर उठलात तर दुसरा दिवस जातो. हे मला पटायला दोन महिने गेले आणि मधे दोनदा मी चोरून जास्त बसलो आणि दोन्ही वेळा दुसरा दिवस गेला, अंधार करून पडून. आता दीड तासानं वीस मिनिटं आतल्या खोलीत डोळे मिटून पडतो, मोबाईल न बघता, मोबाईल बघणं म्हणजे विश्रांती नाही हे पण इथंच कळलं. पाच महिन्यांत सहा तासांवर आलोय. आठ अजून नाही. पगार पाऊण.

शेठना पण एक दिवस सेंटरला बोलावलं होतं, ते आले, धोतर सावरत दोन मजले चढून आले, लिफ्ट अर्थातच बंद. मॅडमनी त्यांना सांगितलं की ह्यांना एका वेळी एकच काम सांगा, तोंडी सांगितलेलं लिहून द्या, आणि "परत विसरला काय" हे चारचौघात म्हणू नका. शेठनी सरळ विचारलं, पूर्ण बरा कधी होणार? मी श्वास रोखून बसलेलो. मॅडम म्हणाल्या, तारीख मी देणार नाही, पहिल्या वर्षात सुधारणा जास्त असते, नंतर हळूहळू पण होत राहते, आणि काही गोष्टी कदाचित अशाच राहतील. दवाखान्यात सगळ्यांनी होईल होईल म्हणून पाठवलं होतं. हे ऐकून मला रडू आलं, पण बरं वाटून आलं. शेठ जाताना जिन्यात म्हणाले, मॅडम खरं बोलत्यात, आपल्या धंद्यात असलं माणूस मिळत नाही.

एक गोष्ट जी मी घरात पण बोललो नव्हतो. मला वास येत नाही. तोंडाला मार लागलेला नसताना वास कसा जाईल म्हणून मी गप्पच. मॅडमनी बोलता बोलता सहज विचारलं, दुकानात शिरल्यावर हळदीचा वास येतो का? मी नाही म्हंटलं, मग त्यांनी सांगितलं. नाकातनं मेंदूकडं जाणारे वासाचे बारीक तंतू कवटीच्या तळाच्या हाडातल्या भोकांतनं जातात आणि डोकं जोरात हादरलं की ते तुटू शकतात, काहींचा वास परत येतो, काहींचा नाही. सोळा वर्षं हळदीत काढलेला माणूस मी, पोतं फोडलं की नाकानं सांगायचो माल जुना का नवा. आता हळकुंड मोडून आतला रंग बघतो, टणक आहे का बघतो, पण नमुना पास करायचं काम मी स्वतःहून सोडलं. घरी गॅसची गळती सांगणारं यंत्र बसवलं, ते पण त्यांनीच सुचवलं. हे दवाखान्यातल्या एवढ्या कागदात कुठंच नव्हतं.

चिडचिडीचं पण लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. फिट येऊ नये म्हणून मला लेव्हेटिरासिटाम चालू होतं. मॅडमनी बायकोला विचारलं राग कधीपासून वाढला, तारखा जुळवल्या आणि न्यूरोच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, कारण ह्या गोळीनं काही जणांना चिडचिड वाढते. डॉक्टरांनी बघून गोळी बदलली. फरक पडला. सगळा राग गोळीचा नव्हता हे बायको इथं लिहायला सांगतीय, लिहिलं. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका हां, फिट आली तर सगळं पहिल्यापासून.

बायकोबद्दल एक. शनिवारी घरच्यांची बैठक असते, चहा-बिस्किट, पैसे नाहीत. तिथं पहिल्यांदा ती बोलली की ह्यांची चौकशी सगळे करतात, मला कुणी विचारलंच नाही की तू झोपतीस का. मी शेजारी बसलेलो. मलाही त्या आधी सुचलं नव्हतं.

त्याच बैठकीत एक शिक्षक येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, त्यांना पण डोक्याचाच मार. त्यांना ऑफिसातनं सारखं सुचवत होते की स्वेच्छानिवृत्ती घ्या. सेंटरच्या समाजसेविका मॅडमनी त्यांना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवला, कलम 20. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम, आणि तेही नसेल तर जागा निघेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवायचं. सर तो कागद घडी घालून खिशात घेऊन फिरतात. मी माझ्यासाठी विचारलं तर मॅडम म्हणाल्या हे सरकारी आस्थापनेला आहे. अडत दुकानाला नाही. म्हणजे माझी नोकरी शेठच्या स्वभावावर आहे, आणि स्वभाव काही कायद्याच्या पुस्तकात येत नाही. कुपवाड एमआयडीसीतला एक जण होता, त्याला ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागू, कामावर जखमी झाला म्हणून बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळत होते. एकाच खोलीत बसलेले तिघं, डोकं तिघांचंही फुटलेलं, आणि तिघांचे नियम तीन.

दिव्यांगाच्या कार्डाचं पण विचारतात बरेच जण. कायद्यात 21 प्रकार आहेत पण डोक्याचा मार असं वेगळं नाव त्यात नाही, त्यामुळं तुमचं जे बिघडलंय, चालणं, बोलणं, जे काय, त्यानुसार तपासणी होते आणि बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के लागतात. माझ्यासारख्याचं, जो चालतो, बोलतो, आणि वजाबाकी धडाधड करतो, त्याचं टक्केवारीत बसवणं अवघड. मी अर्ज केलाय. सेंटरनं रिपोर्ट दिला पण इंग्रजीत, शेठसाठी मराठीत द्या म्हंटलं तर तीन आठवडे लावले. ही पण तक्रार लिहून घ्या.

आणि शिकाऊ मुलं-मुली दर महिन्याला बदलतात. मुलं चांगली आहेत पण प्रत्येकाला अपघात पहिल्यापासून सांगायचा, मला आठवत नाही तो भाग बायकोनं सांगायचा. फाईल वाचून या की बाबांनो.

अर्धा स्टार लिफ्टचा कापला, अर्धा फुग्यांचा, अर्धा व्हॉट्सॲपचा. मॅडम यार्डात आल्या त्याचे एका सेशनपेक्षा जास्त घेतले, बाराशे, पण तो एक दिवस मी परत विकत घेईन. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा की कामाच्या जागी येऊन बघणार का, आणि नाही म्हणाले तर तुमच्या कामाचा व्हिडिओ काढून न्या, आवाजासकट. मुकादमाची माफी मी मागितली, त्यांनी तंबाखू मळत मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवाणजी तुम्ही शिव्या लई हळू देताय, आमच्यात असलं चालत नाही.

बुधवारी मॅडम नसतात. फोन करून जा, मेसेजवर विसंबू नका, आणि गुडघे दुखत असतील तर लिफ्ट चालू आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्या.